यादीतलं माहेरचं नाव

मतदार कोण होऊ शकतो, हा शाळेत आम्हाला तीन गुणांचा प्रश्न होता. मी त्याचं उत्तर इंग्रजीत पाठ केलं होतं. भारताची नागरिक असावी, अठरा वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि त्या मतदारसंघात नेहमी राहणारी असावी. तिन्ही मुद्दे लिहिले की तीन गुण मिळत. मला मिळालेही होते. मागच्या लोकसभेच्या निवडणुकीआधी आईबरोबर गावात घरोघर फिरले, तेव्हा समजलं की तिसऱ्या मुद्द्यासाठी एक गुण फार कमी होता.

आमचं गाव मध्य प्रदेशात, सौंसरहून बोरगावकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आहे. आई गावच्या अंगणवाडीत आहे. तीच गावची बीएलओही आहे, म्हणजे आमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळायचं काम तिच्याकडे. कोण नवीन आलं, कोण गाव सोडून गेलं, कोण वारलं, हे घरी जाऊन बघायचं आणि कळवायचं. पूर्वी हे सगळं रजिस्टरवर चालायचं. आता फोनवर करावं लागतं, आणि आई फोनवर एक अक्षर टाकायच्या आधी चष्मा वर करते, खाली करते, मग फोन माझ्या हातात देते.

मी तेव्हा पांढुर्ण्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि परीक्षेच्या सुटीत घरी आले होते. मी आईबरोबर गेले ती एका अटीवर. मी बोलणार नाही, फक्त लिहीन. अनोळखी दारात उभं राहून हाक मारायची म्हटलं की माझा घसाच बसतो. आईला हे माहीत आहे. ती म्हणाली, "बोलू नको. पण कान उघडे ठेव."

पहिले दोन दिवस मी खरंच फक्त कान उघडे ठेवले, आणि मला मजा वाटू लागली. आई दारात कागद काढायचीच नाही. आधी पाणी प्यायची, मग विचारायची, "आज किती जणांच्या पोळ्या केल्या?" बायका हसत मोजून सांगत. त्या मोजणीत कोण नागपूरला कामाला आहे, कोण बाळंतपणाला आली आहे, सगळं निघायचं. मग आई यादी काढायची. एका म्हातारीनं विचारलं, "मले वाचता येत नाही, मले व्होट असते का?" आई म्हणाली, "मावशी, तुमाले वाचाले नाही बोलावून राहिले, बटन दाबाले बोलावून राहिले." एका मुलीला अठरा पूर्ण व्हायला थोडेच दिवस कमी पडत होते. तिच्या आईनं आमच्याशी असा वाद घातला की जणू आम्हीच तिला उशिरा जन्म दिला. मला माझंच नाव यादीत छापलेलं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ते कोणाला दाखवलं नाही, पण दिवसातून दोनतीनदा तेच पान उघडून बघत होते.

तिसऱ्या दिवशी आई एका घरी अडकली. तिथलं तान्हं बाळ दूध पीत नव्हतं. तिनं मला सांगितलं, "पुढची दोन घरं तू कर. एकच नाव आहे बघायचं."

ते नाव एका बाईचं होतं. वय चोवीस, वडिलांचं नाव, जुना पत्ता वरुड तालुक्यातला. तिनं आपलं मत आमच्या गावी आणायचा अर्ज केला होता. ती खरंच इथं राहते का, एवढंच बघायचं होतं. अर्ज तपासून द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

अर्जात दिलेल्या घरी गेले, तेव्हा अंगणात तिथले काका खाटेवर बसून संत्र्याचे रिकामे कॅरेट मोजत होते. दाराआड ओसरीवर वहिनी, म्हणजे त्यांची सून, तांदूळ निवडत होती. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं तेव्हा माझी परीक्षा होती, मी गेले नव्हते. पण तिला मी ओळखत होते, नावानंही ओळखत होते. यादीतलं नाव दुसरंच होतं.

मी कागदावरचं नाव वाचलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की काका म्हणाले, "काय म्हणून राहिली? जोरात बोल न, पोरी."

मी पुन्हा वाचलं, यावेळी जोरात.

"नाही वो. अशी कोणी नाही आमच्या इथं."

"नक्की नाही का, काका?"

"आता माह्या घरात कोण आहे हे मले माईत नसन का? दुसऱ्या कोण्या घरचं असन."

मी त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि निघाले. खरं सांगायचं तर निघायला मिळालं म्हणून बरंच वाटलं. पाणी मागितलं नाही, पोळ्या किती झाल्या विचारलं नाही. गल्लीच्या वळणावर थांबून मी त्या नावापुढे पेननं, सरकारी कागदावर लिहितात तसं हिंदीत लिहिलं, 'नहीं मिली'. नेटवर्क नव्हतं, म्हणून फोनवर नोंद करायची राहिली. नाहीतर तिथंच सगळं संपलं असतं.

मी पुढच्या घरापर्यंत पोचलेही नव्हते. मागून चपलांचा आवाज आला. वहिनी होती. हातात रिकामी बादली, पदर अर्धा खांद्यावरून सुटलेला, श्वास लागलेला.

"ताई, थांबा न. तुमी आता जे नाव घेतलं, ते माह्यं आहे."

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "तुमचं नाव तर..."

"ते इथलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून आमच्या यायनं अंगठीनं लिहिलं, ते. हे माह्या बापानं ठेवलेलं. शाळेत हेच, आधारवर हेच, व्होटिंग कार्डावर हेच."

"मग तुम्ही तिथंच बोलला का नाही?"

"मामाजी समोर बसले होते न." मग ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "अन् खोटं काहून बोलू, मले लवकर समजलंच नाही का कोणाले बोलावून राहिले. या घरात ते नाव कोणी घेतच नाही. तुमी दुसऱ्यांदा घेतलं, तवा समजलं."

माझ्या हातातला कागद तिनं पाहिला. तिला हिंदी वाचता येत होतं. 'नहीं मिली'. ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली.

"आता नाही होत का मग?"

"होतं," मी म्हणाले. होतं की नाही हे मला अजिबात माहीत नव्हतं.

तिनं तो अर्ज स्वतःच फोनवर भरला होता, घरी कोणाला न सांगता. मागे पंचायतीची निवडणूक झाली, तेव्हा घरचे सगळे मत टाकून आले. सासरे, सासू, नवरा, चुलत दीर. ओसरीवर बसून एकमेकांच्या बोटावरची शाई बघत होते. तिला घरी राहून वासराकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं, कारण तिचं मत माहेरी होतं. "मी तीन वर्षांपासून इथंच राहून राहिली, ताई," ती म्हणाली. "इथलंच पाणी भरते. माह्या दारासमोरची नाली कोण साफ करन, हे मी वरुडले जाऊन ठरवू का?"

नाली साफ करणं खासदाराचं काम नाही, हे मला माहीत होतं. पण तिचं म्हणणं त्याहून मोठं होतं.

मी आईकडे जवळजवळ पळतच गेले. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं. एवढं एका दमात मी बहुतेक पहिल्यांदाच बोलले. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोळ्या विचारल्या?"

"नाही."

"अन् विचारलं कोणाले? माणसाले. माणसाले सुनेचं माहेरचं नाव विचारून काय होते? बाईले विचारायचं असते." मग तिनं माझ्या हातातला कागद घेतला, ते दोन शब्द पाहिले आणि म्हणाली, "हे तू लिहिलं. आता हे तूच खोडशील."

आम्ही दोघी परत गेलो. आता काकूही अंगणात आल्या होत्या. काकू म्हणजे वहिनीच्या सासूबाई, उंच, भरदार आवाजाच्या. सगळ्या गावाच्या हळदीकुंकवात त्यांचंच ऐकलं जातं. आई पाणी प्यायली. मग हसत म्हणाली, "काकू, तुमच्या सुनेनं इथं व्होट आणाचा फारम भरला. शाबासकी द्या तिले."

काकूंनी सुनेकडे पाहिलं. "हाव? मले नाही सांगितलं."

"सांगणार होती, आई," वहिनी सासूला म्हणाली.

"कोणत्या नावानं भरला?"

मग वहिनीनं खाली बघून ते नाव सांगितलं. काकूंचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, त्यांना वाईट वाटलं होतं.

"तीन दिवस विचार करून मी नाव ठेवलं तुह्यं," त्या म्हणाल्या. "मले पोरगी नाही झाली. झाली असती तर हेच ठेवलं असतं. ते तुले आवडलं नाही का?"

"आवडलं, आई. पण कागद बदललेच नाही न कोणी. यायले कितीदा म्हटलं."

"मंग आधी कागद बदला. मंग व्होट टाका. माह्या घरातून ते नाव बाहेर नाही जाणार."

आता काकाही बोलू लागले. "मी काही खोटं नाही बोललो जी, मॅडम. मले आठवलंच नाही. लग्नपत्रिकेत वाचलं होतं एक डाव. पत्रिका कोण जपून ठेवते?"

"तुमी चूप बसा," काकू म्हणाल्या.

आईनं समजावलं. कागद बदलायला महिने लागतील, मुदत उद्यापर्यंत आहे. लाइटचं बिल लागेल, आणि घरच्या मोठ्या माणसानं सही करून सांगावं लागेल की ही इथंच राहते. काकू नाही म्हणून मान हलवत राहिल्या. आईचा शब्द तिथं कमी पडला. आणि मग मी बोलले. का बोलले, मला अजून कळत नाही.

"काकू, यादी नाव नाही विचारत," मी म्हणाले. "म्हणजे विचारते, पण ओळखायला. हक्कासाठी तीनच गोष्टी विचारते. नागरिक आहे का, अठरा झाली का, इथं राहते का. वहिनी इथं राहते की नाही?"

"राहते तर इथंच. नाही तर काय झाडावर राहते?"

"मग तेवढंच सांगायचं आहे."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू बोलते वो? मले वाटलं, इंग्लिश शाळेत जाऊन मुकी झाली."

वहिनीच्या तोंडून हसू फुटलं. आईनं बिल मागितलं. काकांनी बिल आणलं. सही काकूंनी केली, सावकाश, एकेक अक्षर दाबून. मात्र ते नाव जिथं लिहिलं होतं तिथं त्यांनी पाहिलं नाही. मी 'नहीं मिली' वर दोन रेघा मारल्या आणि बाजूला लिहिलं, 'यहीं रहती है'.

गावात नेटवर्क संध्याकाळपर्यंत आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी पहिल्या बसनं सौंसरला गेलो. बस संत्र्याच्या बागांमधून जात होती आणि मी फोन खिडकीबाहेर धरून बसले होते, कुठंतरी नेटवर्कच्या दोन रेघा येतील म्हणून. कंडक्टर म्हणाला, "फोटू काढून राहिल्या का?" एका बागेजवळ रेघा आल्या. मी बटन दाबलं, गोल फिरू लागलं, रेघा गेल्या. स्टँडवर उतरल्या उतरल्या आम्ही दोघी थांबलो. पुन्हा दाबलं. गोल फिरलं, फिरलं, आणि हिरवी खूण आली. मी आईचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी माझ्या बोटात रुतली. तहसीलमध्ये कागद दिले, शिक्का घेतला. परतीच्या बसमध्ये आई झोपली. मी मात्र ती हिरवी खूण पाचसहा वेळा उघडून पाहिली.

मतदानाच्या काही दिवस आधी नवीन नावांची पुरवणी यादी आली. शेवटच्या पानावर तिचं नाव होतं. मी स्वतः तिची पर्ची, म्हणजे मतदाराची चिठ्ठी, घेऊन गेले आणि दारात काकू असतानाही ते नाव मोठ्यानं वाचलं. वहिनीनं पर्ची घेतली. काकू म्हणाल्या, "चहा घेऊन जा," आणि आत गेल्या.

मतदानाच्या दिवशी मी पहाटेच उठले होते. नवीन सलवार घातली, मग फार नवीन दिसते म्हणून जुनी घातली. केंद्र गावच्या प्राथमिक शाळेत होतं. ऊन चढायच्या आत मत टाकून येऊ म्हणून सगळंच गाव सकाळी आलं होतं. आई बाहेर टेबलावर यादी घेऊन बसली होती आणि मला ओळखच देत नव्हती, एवढ्या कामात होती. बायकांच्या रांगेत माझ्यापुढे काकू होत्या, त्यांच्यापुढे वहिनी. वहिनीनं पर्ची आणि व्होटिंग कार्ड दोन्ही मुठीत धरलं होतं. पर्ची घामानं मऊ झाली होती.

"काहून एवढी घाबरून राहिली?" काकू म्हणाल्या. "बटन दाबायचं, विहिरीत उडी नाही मारायची."

आम्ही तिघी दारातून आत गेलो. पहिल्या टेबलावरचे साहेब यादीतला नंबर आणि नाव मोठ्यानं वाचतात, म्हणजे मागे बसलेल्या पक्षांच्या माणसांना आपल्या यादीत खूण करता येते. साहेबांनी वहिनीचं नाव वाचलं. जुनं, वडिलांच्या नावासकट.

मागच्या बाकावर गावातलाच एक माणूस एजंट म्हणून बसला होता. त्यानं पेन उचललं आणि थांबला.

"सर, एक मिनट. इस नाम की कोई औरत हमारे गाँव में नहीं है।"

मतदान अधिकारी बाहेरचे होते, छिंदवाड्याकडचे. त्यांनी वहिनीचं कार्ड घेतलं. त्यावरचा फोटो दोन वेण्यांच्या एका मुलीचा होता, काळा आणि अस्पष्ट. त्यांनी फोटोकडे पाहिलं, कुंकू आणि पदरातल्या बाईकडे पाहिलं. "यह आप ही हैं?"

वहिनीनं मान हलवली. आवाज फुटला नाही. मला तो घसा ओळखीचा होता.

"मी हिले ओळखतो, सर," एजंट मराठीवर आला, "पण हिचं नाव हे नाही. सगळं गाव सांगन तुमाले."

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. पण माझ्यापुढून काकू निघाल्या आणि टेबलाला हात टेकून उभ्या राहिल्या.

"काय रे? काल माह्या घरी ताक प्याला, ते कोणाच्या हातचं प्याला?"

"वहिनीच्या हातचं, काकू. पण नाव..."

"जामसांवलीच्या मारोतीची शपथ घेऊन सांगते, ही माही सून आहे."

अधिकारी म्हणाले, "माताजी, बहू तो ठीक है। पर इनका नाम क्या है, आप बताइए।"

काकू थांबल्या. मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांचा खांदा वर झाला आणि खाली आला. मग त्यांनी ते नाव घेतलं. पहिलं नाव, मग तिच्या वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. कुठंही न अडखळता. इतक्या मोठ्यानं, की बाहेरच्या रांगेत बायकांनी माना वळवल्या.

एजंट हसला. "काकू, हे नाव कधी ठेवलं?"

"तिच्या बापानं ठेवलं. तुले विचारून ठेवाचं होतं का?"

सगळे हसले, अधिकारीही. वहिनीच्या बोटाला शाई लागली. तिनं रजिस्टरवर सही केली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. मशीनचा लांब आवाज आला. मग काकूंचं झालं, मग माझं नाव वाचलं गेलं आणि मी "हो" म्हणाले. मला वाटतं, बरंच जोरात म्हणाले, कारण शाई लावणाऱ्या बाईनं दचकून वर पाहिलं. त्या आडोशामागे मी किती वेळ होते, माहीत नाही. फार नसेल. बटनावर बोट ठेवण्याआधी मी एकदा मोठा श्वास घेतला, एवढं आठवतं.

बाहेर आले तर दोघी कडुलिंबाखाली थांबल्या होत्या. काकू सुनेच्या जवळ सरकून हळूच विचारत होत्या, "कोणाले टाकलं वो?"

वहिनीनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"नाही सांगत, आई. गुप्त असते."

"मले? मले नाही सांगत? आतमंधी एवढं ओरडली मी तुह्यासाठी!"

"कोणालेच नाही सांगायचं असते. विचारा ताईले."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी मान हलवली, हो, तसंच असतं.

काकूंनी तोंड वाकडं केलं. मग म्हणाल्या, "बरं. मग मी कोणाले टाकलं, तेही मी सांगत नाही," आणि फणकाऱ्यानं पुढं चालू लागल्या. वहिनी त्यांच्या मागं. वळणावर वहिनी काहीतरी म्हणाली, काय ते ऐकू आलं नाही, आणि काकू थांबून, कमरेवर हात ठेवून, मोठ्यानं हसल्या.